साचेखात्याची चौथी टेप

सोमवार, ११ जानेवारी १९९९

भरपाई मंडळानं दौलतचा अर्ज परत पाठवला. बत्तीस वर्षं मागांसमोर उभ्या राहिलेल्या विणकराला विचारलंय, तुमचं बहिरेपण गिरणीतल्या आवाजानं आलं कशावरून? वयानं आलं नसेल कशावरून? साचेखात्यात आवाज किती होता याचा पुरावा पंधरा मार्चच्या सुनावणीला आणा, नाहीतर प्रकरण बंद.

पुरावा! साचेखातं पाडलं. चारशे माग भंगारात गेले. त्या जमिनीवर आता मोटारी उभ्या असतात. खून झाला ती जागा धुऊन काढायची आणि मेलेल्याच्या नातेवाइकांना म्हणायचं, रक्ताचा डाग दाखवा.

दौलत कागद घेऊन दारात उभा होता. संपाच्या सभांमध्ये तो कायम पहिल्या रांगेत, माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेला असायचा. असा श्रोता वक्त्याला नशिबानं मिळतो. म्हणाला, "म्हातारो झालंय म्हणान भैरो, असा लिवन इला तर माझी बत्तीस वर्सां खंय गेली रे, गंगाधर?"

मी म्हटलं, "पुरावा आहे. माझ्याकडे आहे."

त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. त्यानं ते माझ्या ओठांवरून वाचलं.

गुरुवार, १४ जानेवारी

खाटेखालची पेटी काढली. १९८१ साली मी गिरणीच्या परीक्षणखात्यात उपकरणांचा मिस्त्री होतो. विणकरांच्या तक्रारीवरून प्रत्येक खात्यातला आवाज मीच मोजला. ते आवाजमापक यंत्र आकडे साध्या कॅसेटवर साठवायचं. शून्याला खालची शीळ, एकाला वरची शीळ. कानाला नुसता किचकिचाट, पण त्यात सेकंदासेकंदाचा हिशेब. मालकांनी अहवाल दाबला. कॅसेटी मी घरी आणल्या.

चारही आहेत. पहिलीवर यंत्राचं प्रमाण जुळवण्याचा ठरावीक सूर, दुसरी कापूसखाते, तिसरी त्रासनखाते म्हणजे सूतकताई, चौथी साचेखाते. पाठीवर माझंच अक्षर. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची छोटी पाकळी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही मुद्रित करता येत नाही. मी चारांच्याही पाकळ्या त्या वेळीच मोडून ठेवल्या होत्या. चौथीच्या भोकावर जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली. कशाला लावली असेल कोण जाणे. खरवडून काढली.

साचेखात्यातला आकडा मला पाठ आहे. एकशे चार डेसिबल. पाळी सुरू असताना काट्यावर माझ्या डोळ्यांनी पाहिलेला.

सोमवार, १८ जानेवारी

संपाला सतरा वर्षं झाली. गणेश टॉकीजच्या मागे सभा घेतली. अकरा माणसं, त्यातली दोन चहावाल्याची. तरी मी बोललो. अकरा माणसांसमोर ज्याला बोलता येत नाही, त्यानं अकरा हजारांसमोर उभं राहू नये. नेहमीसारखी सुरुवात केली, "मागच्यांना ऐकू येतंय ना?" पूर्वी या एका प्रश्नाला अख्खं मैदान "होऽऽ" म्हणायचं.

त्या दिवसांची आठवण झाली. संप लांबला, माणसं कोकणात गावाला निघून गेली, तेव्हा आम्ही भाषणं कॅसेटवर भरून एसटीच्या कंडक्टरांबरोबर धाडत होतो. कणकवली, देवगड, मालवण. देवळात गावकरी गोळा व्हायचे आणि माझा आवाज ऐकायचे. नव्या कॅसेटी आणायची ऐपत राहिली नव्हती, पण माझ्यामुळे एकही भाषण अडलं नाही. मी कुठून ना कुठून कॅसेट पैदा करायचोच. गावात वाजून झाली की ती परत यायची आणि पुन्हा भरायची.

घरी आल्यावर माझी बायको शांती म्हणाली, "अहो, घरात कशाला ओरडताय? सभा संपली."

माणसं हल्ली पुटपुटतात. सगळी पिढीच्या पिढी पुटपुटायला लागली आहे. हा पराभवाचा परिणाम आहे. हरलेला समाज आधी आवाज घालवतो.

शनिवार, २३ जानेवारी

मंडळाच्या कारकुनाला भेटलो. माझ्या घरच्या संगणकावर काढलेला कागद चालणार नाही. "तसं तर कोणीही टंकून आणेल," म्हणाला. मान्यताप्राप्त संस्थेतल्या मूळ जातीच्या यंत्रानं स्वतः काढलेला आलेख हवा, त्यावर प्रयोगशाळेची सही हवी.

आमचं यंत्र कधीच मोडीत गेलं. पण माटुंग्याच्या एका तंत्रनिकेतनात त्याच कंपनीचं, दोन वर्षांनी धाकटं यंत्र आहे. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या लक्ष्मी मॅडम निवृत्तीला आलेल्या, जन्म माटुंग्यातला, मराठी फडाफड. यंत्रावरचं कापड काढताना म्हणाल्या, "परब, तुम्ही वेळेत आलात. एकतीस मार्चला हे भंगारात जातंय. सामानाच्या यादीत माझ्याच नावावर आहे हे. मी आणि हे एकदम रिटायर."

अडचण अशी की धाकट्याला कॅसेट कळत नाही. त्याला जुनी रुंद फ्लॉपी लागते, तीही त्यानं स्वतः आखलेली. म्हणजे कॅसेटवरच्या शिळा संगणकात घ्यायच्या, त्यांचे आकडे करायचे, ते आकडे या यंत्राच्या भाषेत लिहायचे आणि त्याच्या पद्धतीच्या फ्लॉपीवर ठेवायचे. एकाची बाराखडी दुसऱ्याला शिकवायची. जन्मभर दुसरं काय केलं? जाड पुस्तकांतले विचार विणकरांच्या भाषेत आणून ठेवले.

मंगळवार, २ फेब्रुवारी

दहा दिवस नुसती झटापट. टेपरेकॉर्डरच्या इयरफोनच्या भोकातून तार काढून संगणकात घातली आहे. ती आत असली की बाहेरचा स्पीकर आपोआप बंद, त्यामुळे शांतीची कटकट नाही. शिळा मोजणारा प्रोग्राम लिहिला. पहिल्या कॅसेटचे आकडे निघाले, फ्लॉपीवर लिहिले, माटुंग्याला नेले. यंत्रानं "अपरिचित नोंद" असं सांगून फ्लॉपी बाहेर टाकली. मालकाचं यंत्र मालकासारखंच वागतं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

जमलं!

चूक साधी होती. प्रत्येक मापाचे दोन तुकडे असतात. थोरलं यंत्र मोठा तुकडा आधी लिहितं, धाकटं लहान तुकडा आधी वाचतं. त्यामुळे आकडे उलटेपालटे होत होते. शिवाय धाकट्याला प्रत्येक नोंदीआधी बत्तीस खुणांचा मथळा लागतो. माप कुठल्या मायक्रोफोनचं, कुठल्या तारखेचं, किती वेळाचं. तो नसेल तर आकड्यांकडे ढुंकून बघत नाही. मी मथळा तयार केला, तुकडे फिरवले, आणि यंत्राच्या पेननं कागदावर सरळ रेघ ओढली. ९४.०. अठरा वर्षांपूर्वीचा तोच सूर, दशांशाला पक्का.

लक्ष्मी मॅडमनी टाळी वाजवली. म्हणाल्या, "याला अजून वाचता येतं हो!"

परत येताना भोईवाड्यात दौलतकडे गेलो. त्याची बायको मालन भाकऱ्या थापत होती. तिला आलेख दाखवला. म्हणाली, "रेघ बरी आसा. पन ही आमची नाय मा?"

"तुमची पुढची," मी म्हटलं.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

तिसरी कॅसेट, त्रासनखाते. ९२. आलेख सुंदर. पण दौलत त्रासनात कधीच नव्हता. मंडळ म्हणेल, अर्जदार त्या खात्यातला नाही. सगळी मदार चौथीवर.

शनिवार, २० फेब्रुवारी

चौथी वाचली जात नाही. प्रोग्रामला शिळाच सापडत नाहीत.

बुधवार, २४ फेब्रुवारी

टेपरेकॉर्डरचं हेड साफ केलं, पट्टा बदलला, वेग कमीजास्त करून पाहिला. काही नाही. चुंबकी पट्टी जुनी झाली असावी. पण त्याच खोक्यातल्या तीन ठणठणीत आहेत.

शनिवार, २७ फेब्रुवारी

साचेखात्यात थरथर प्रचंड असायची, खालची जमीन हलायची. त्या थरथरीनं मुद्रण बिघडलं असणार. म्हणजे ज्या आवाजाचा पुरावा हवा त्याच आवाजानं पुरावा खाल्ला! दौलतला ही गोष्ट सांगितली. मला वाटलं त्याला पटेल. तो म्हणाला, "तेव्हा तू माका बरोबर इला म्हणलेलंस."

खरं आहे. तेव्हा मी कॅसेट मागे फिरवून तपासली होती.

गुरुवार, ४ मार्च

चौथीचं संगणकावरचं चित्र छापून लक्ष्मी मॅडमना दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं त्यांनी. "परब, हे आकडे नाहीत वाटत. हे बघा, थोडं चालतं, मग थांबतं. पुन्हा थोडं चालतं. आणि थांबल्यावर दर वेळी हा मोठा फुगा. यंत्र असं श्वास घेत नाही."

मी म्हटलं, खोट आहे, खोट दुरुस्त होते. त्या आणखी काहीतरी म्हणाल्या, खाली बघून. मला कळलं नाही. मी होकार भरला. त्यांच्या चेहऱ्यावरून तो होकार चुकीचा होता असं वाटलं.

रविवार, ७ मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी चौथी कॅसेट लावून स्क्रू फिरवत बसलो होतो. तार भोकातून निसटली असणार, ते माझ्या लक्षात आलं नाही. बाहेर नळावर बायकांची गलबल चालली आहे एवढंच जाणवत होतं. शांती व्हरांड्यातून आत आली आणि दारातच थांबली.

"हे कुठलं भाषण लावलंय?"

"कुठलं भाषण?"

"अहो, तुमचं. 'मागच्यांना ऐकू येतंय ना?' काय, आणि लोक 'हो' म्हणतायत."

मी स्पीकरला कान लावला. मग मला ऐकू आलं. मी आणि अख्खं मैदान.

ती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होती. "एवढा मोठा आवाज आहे हो. खालच्या मजल्यावर ऐकू जातंय." मी म्हटलं, मी कामात होतो. कामात असलं की माझं लक्ष नसतं.

चिकटपट्टीही आठवली. जून ब्याऐंशी. बोट कापलं होतं, खिशात पट्टी होती. देवगडची एसटी सुटायला अर्धा तास होता आणि कॅसेट संपल्या होत्या. परीक्षणखात्याच्या कॅसेटी चांगल्या प्रतीच्या, हे मला ठाऊक होतं. पट्टीचा तुकडा दातांनी तोडून मी भोकावर लावला; भोक बुजलं की कॅसेट पुन्हा भरता येते. अंधारात हाताला आली ती उचलली. क्रमांक पाहिला नाही.

पाहिला होता का? इथे खोटं लिहायचं तर डायरी कशाला? पाहिला होता. मला वाटलं, आपण पंधरा दिवसांत जिंकू. आणि जिंकल्यावर आकड्यांची गरज कोणाला असते?

सोमवार, ८ मार्च

भाषण बावीस मिनिटांचं आहे. कॅसेट तीस मिनिटांची. उरलेल्या आठ मिनिटांत जुने आकडे शाबूत असणार! इतके दिवस सुरुवातीलाच अडून बसलो होतो, शेवटापर्यंत गेलोच नव्हतो. सकाळी प्रोग्राम चालवला. शिळा लागल्या. आकडे निघाले, दोन तुकडे फिरवले, मथळा लावला. धावत माटुंगा. यंत्रानं अप्रतिम रेघ काढली, एकही खोट नाही.

५१.

ती पाळी संपल्यावरची मापं आहेत. माग थांबल्यानंतर रिकाम्या खात्यात किती आवाज उरतो, हेही नियमाप्रमाणे मी मोजलं होतं. साचेखात्याचा अधिकृत, सहीशिक्क्याचा पुरावा आज माझ्या हातात आहे, आणि तो सांगतो की तिथे शांतता होती.

मॅडमनी विचारलं, "यावर सही करू?" मी कागद घडी करून खिशात ठेवला.

मंगळवार, ९ मार्च

दौलतला सांगितलं. उजेडाकडे तोंड करून, सावकाश.

आधी मालन बोलली. "भाषनाक टेप गावली, माझ्या घोवाक नाय गावली."

दौलतनं तिला हातानं थांबवलं. विचारलं, "आकडो तुका म्हायत आसा?"

"एकशे चार."

"यंत्राची भाषाय तुका येता. मग लिही."

हे मलाही कालच सुचलं होतं. दहा मिनिटांचं काम आहे. बत्तीस खुणांचा मथळा, तारीख ८१ ची, आणि पुढे एकशे चार, एकशे तीन, एकशे पाच. यंत्राला फरक कळणार नाही. मॅडमनाही कळणार नाही आणि त्या सही करतील.

मी नाही म्हटलं. खोटा हजेरीपट, खोटा तोटा, खोटे ताळेबंद, हीच मालकांची हत्यारं होती, ती आपण उचलली तर आपल्यात आणि त्यांच्यात काय उरलं? मी बराच वेळ बोललो. चांगलं बोललो.

दौलत तोंडाकडे बघत राहिला, पहिल्या रांगेत बसायचा तसा. शेवटी म्हणाला, "संपात तुझी एवढी भाषनां झाली. मी एकय आयकूक नाय. तेव्हाच कान गेलेले. नुसता तोंड बघून होतंय."

"मग यायचास कशाला?"

"तुझ्या ओठांवरचा सगळ्यात बरा वाचता यायचा. बाकीचे दाढीवाले."

बुधवार, १० मार्च

प्रोग्राम उघडला. एकशे चार लिहिलं. पुसलं.

सोमवार, १५ मार्च

सुनावणी. तीन सदस्य, टेबलामागे, पंखा जोरात. मी कामगार प्रतिनिधी म्हणून दौलतच्या शेजारी उभा. तोंडी पुरावा देणार होतो, माप मी घेतलं, काटा मी पाहिला. रात्रभर मनात जुळवलेलं निवेदन होतं. बोलायला लागलो. पाच मिनिटं झाली असतील, अध्यक्षांनी हात वर केला आणि काही विचारलं.

पंख्यामुळे नीट कळलं नाही. मी म्हटलं, "होय, अगदी बरोबर." त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "त्याच मुद्द्यावर येतोय." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. डावीकडचा सदस्य हसला.

तेव्हा दौलत पुढे झाला. माझ्या दंडाला धरून, अध्यक्षांच्या तोंडावर नजर ठेवून त्यानं मला मोठ्यानं सांगितलं, "ते इचारतत, मूळ टेप खंय आसा? ती आणलास काय?" आणि त्यांच्याकडे वळून म्हणाला, "नाय सायब. टेप खराब झाली."

माझ्यामुळे, असं तो म्हणाला नाही.

अध्यक्षांनी पेन उचललं. काहीतरी लिहिलं. मग दौलतला थेट काही विचारलं, बहुधा गाव कुठलं. तो म्हणाला, "कुणकेश्वराजवळ." त्यांनी तेही लिहिलं.

मला उशिरा कळलं. मी ओरडलो, हा ओठ वाचतो! साचेखात्यातला प्रत्येक विणकर ओठ वाचतो, तिथे दुसरं बोलणंच नसतं! अध्यक्षांनी शिपायाला खूण केली.

शुक्रवार, १९ मार्च

निर्णय आला. उतरवून ठेवतो: "अर्जदारास सामान्य आवाजातील प्रश्न उपकरणाविना समजले व त्याने समर्पक उत्तरे दिली. पूर्वीच्या श्रवणचाचणीत सहकार्य न केल्याची शक्यता नाकारता येत नाही. अर्ज फेटाळण्यात येतो."

माझी लाज राखण्यासाठी त्यानं उत्तर दिलं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवेना.

दौलतनं कागद घेतला, घडी करून बंडीच्या खिशात घातला. आता तो म्हातारपणामुळे बहिरा नाही. सरकारदरबारी तो बहिराच नाही.

बुधवार, ३१ मार्च

माटुंग्याला गेलो होतो. हातगाडीवर यंत्र आडवं बांधलं होतं, पेनाचा दांडा बाहेर लोंबत होता. लक्ष्मी मॅडम यादीवर सह्या करत होत्या. त्यांनी माझ्या फ्लॉप्या परत दिल्या. त्या वाचणारं यंत्र आता मुंबईत नाही.

मॅडम जाताना माझ्यासमोर येऊन, तोंड वर करून, एकेक शब्द तोडून बोलल्या, लहान मुलाशी बोलतात तशा. "परब. कान. तपासून. घ्या." माणसं निवृत्तीच्या दिवशी हळवी होतात.

सोमवार, ५ एप्रिल

दौलतनं निरोप धाडला, रोज सकाळी येत जा, ओठ वाचायला शिकवतो. मला याची गरज नाही. पण त्याला तेवढीच सोबत, म्हणून गेलो. शांतीनंही आग्रह धरला.

त्यानं मला खिडकीकडे पाठ करून बसवलं. स्वतः उजेडात बसला आणि आवाज न काढता एक वाक्य म्हटलं. मला कळलं नाही. पुन्हा म्हटलं. तोंडाचा आकार ओळखीचा वाटला, शब्द हाती येईनात. तिसऱ्यांदा म्हटलं, अगदी सावकाश. मी हरलो.

"काय म्हणाला?" मी मालनला विचारलं.

ती चुलीपाशी होती. पाठ फिरवून काही बोलली. मग उठली, माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली आणि चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"मागच्यांना ऐकू येतंय ना?"